किटलीवाली गाडी

परवा एक पोरगा नवीकोरी एक्सपल्स घेऊन गॅरेजात आला. टाकीवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं आणि साहेबांना इंजिनाखाली जाड पत्रा हवा होता, हँडल दोन इंच वर हवं होतं, मागचं स्प्रॉकेट दोन दात मोठं हवं होतं. "काका, जानेवारीत जैसलमेरला चाललोय. वाळूत घालायचीय. ड्युअल-स्पोर्ट आहे ना ही, डांबरावर पण चालते, डांबर सोडून पण." मी त्याला स्टूल दिलं आणि चहा सांगितला. त्यानं सांगितलेली तिन्ही कामं मी १९७८ साली केली होती. एकाच गाडीवर, एकाच दुपारी. गाडी राजदूत होती. मालक दूधवाले होते आणि त्यांनी जैसलमेरचं नावही ऐकलं नसावं.

असं काही सांगितलं की पोरांना वाटतं म्हातारा फेकतोय. म्हणून एकदा नीट लिहून काढतो. दोन्हीकडं चालणारी गाडी आमच्या कल्याण-डोंबिवलीत कुठल्या कंपनीनं आणली नाही. ती होतीच, फक्त तिला इंग्रजी नाव नव्हतं. आम्ही तिला किटलीवाली म्हणायचो.

मी १९७५ साली, चौदाव्या वर्षी, कल्याणात मुरबाड रोडवरच्या एका गॅरेजात लागलो. आधी सहा महिने फक्त रॉकेलमध्ये चेन धुवायची, चहा आणायचा आणि पान्यांचे नंबर पाठ करायचे. उस्ताद दूधनाक्याचे, कोकणी मुसलमान. मराठी आमच्यासारखीच बोलायचे, फक्त चिडले की हिंदीत जायचे. पारनाक्याच्या पुढं दूधनाका. तिथं सकाळी दूध यायचं म्हणूनच ते नाव, आणि आमच्या गॅरेजात येणारं निम्मं गिऱ्हाईकही त्याच दुधाचं.

उस्तादांचा हात मात्र दुधावर नाही, लढाईवर बसला होता. दुसऱ्या महायुद्धात कल्याणच्या अलीकडं-पलीकडं लष्करानं मोठा तळ टाकला. कल्याण कॅम्प. पुढं फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले, १ लाखाच्या घरात, आणि ८ ऑगस्ट १९४९ ला त्याचं उल्हासनगर झालं. आजही रिक्षावाला उल्हासनगर म्हणत नाही, "कॅम्प, कॅम्प" असंच ओरडतो. तर त्या कॅम्पात उस्ताद १९४३ साली गाड्या धुवायला लागले. तिथल्या निरोप्यांकडं, म्हणजे डिस्पॅच रायडरकडं, बीएसएची एम-२० होती. ४९६ सीसी, एक सिलिंडर, साइड वॉल्व. पळायला मंद, पण ओढायला रेडा. ब्रिटिशांनी युद्धात ही गाडी सव्वा लाखाच्या आसपास बनवली आणि जिथं फौज तिथं ती. इजिप्त-लिबियाच्या वाळूतही तीच पळत होती.

उस्ताद सांगायचे, कॅम्पातल्या एका गोऱ्या सार्जंटनं त्यांना टायरची हवा कमी करायला शिकवलं. तो आफ्रिकेतून आला होता. पावसात कॅम्पचे रस्ते म्हणजे लापशी. सार्जंट वॉल्वची टोपी काढायचा, पिनेवर नख दाबायचा, फुस्स, आणि टायर पोटासारखं पसरलं की म्हणायचा, नाऊ गो. वाळूतला धडा चिखलात. उस्तादांना इंग्रजी तेवढंच येत होतं. मी पहिल्यांदा क्लच सोडला तेव्हाही ते मागून ओरडले होते, "नाऊ गो!"

युद्ध संपल्यावर लष्करानं गाड्या लिलावात काढल्या. डिस्पोजलचा माल. ठाण्या-मुंबईतली पुष्कळ गॅरेजं त्या भंगारावर उभी राहिली, आणि उस्तादांनी पहिली स्वतःची गाडी तीन मोडक्या एम-२० मिळून एक अशी बनवली. ती मी पाहिलेली नाही. तिचा कार्बोरेटर पाहिलाय, गॅरेजाच्या फळीवर देव्हाऱ्यातल्यासारखा ठेवलेला असायचा.

त्यानंतरची गंमत अशी की देशात मोटरसायकली बनायला लागल्या त्या सगळ्या रस्त्यावरच्या, पण रस्ते काही बनले नाहीत. १९५५ पासून मद्रासला बुलेट. १९६१ पासून म्हैसूरला जावा, तिचंच नाव पुढं १९७३ ला येझदी झालं. १९६२ ला एस्कॉर्ट्सनं पोलंडच्या एसएचएल गाडीवरून राजदूत काढली. तीन गाड्या, तीन स्वभाव. बुलेट पोलीस, मिलिटरी आणि आडदांड माणसाची. जावा कॉलेजात जाणाऱ्याची, गाणाऱ्याची, पारशी बावाची. तिचा किकचा आणि गिअरचा दांडा एकच, आत दाबून वर फिरवला की किक, मारली की परत गिअर. नवखा माणूस पाच मिनिटं नुसता शोधत राहायचा. आणि राजदूत कष्टकऱ्याची. १७३ सीसी, टू-स्ट्रोक, तीन गिअर. दिसायला म्हशीसारखी, आवाजही तसाच. १९७३ ला 'बॉबी'मध्ये तिची छोटी बहीण ऋषी कपूरनं चालवली, पण त्यानं आमच्या राजदूतला काही ग्लॅमर आलं नाही. तिच्या मागं डिंपल बसली नाही, किटल्याच बसल्या.

आता दूधवाल्यांचा रस्ता कसा होता ते सांगायला हवं, नाहीतर बाकीचं कळणार नाही. १९७५ ची डोंबिवली म्हणजे स्टेशनच्या दोन बाजूंना चाळी आणि नव्यानं उठणाऱ्या तीन मजली इमारती. त्यापलीकडं भातशेतं. एमआयडीसी १९६४ पासून आलेली होती, पण काटई, निळजे, घेसर, भोपर, संदप या गावांतून यायचं तर कुठं मुरमाचा रस्ता, कुठं गाडवाट, कुठं नुसता बांध. इकडं कल्याणच्या बाजूला रायत्याच्या पुलापलीकडं मुरबाडपर्यंतची गावं. मुख्य रस्ता डांबरी, पण गोठा काही मुख्य रस्त्यावर नसतो. दूधवाला पहाटे साडेतीनला उठायचा, चार गोठे फिरायचा, किटल्या भरायचा आणि सहाच्या आत गिऱ्हाइकाच्या दारात. दूध थांबत नाही. नासतं. रेसवाल्यांना घड्याळ असतं ना, तसं यांच्या मागं दूध असायचं.

पाऊस लागला की पहिली अडचण मडगार्डची. भातखाचराची चिकण माती टायरला धरते, टायर तिला वर घेऊन जातं आणि टायर-मडगार्डच्या फटीत ती ठासून बसते. एक किलोमीटरमध्ये पुढचं चाक जाम. ब्रेक न मारता गाडी उभी राहते, आणि माणूस उभा राहत नाही. माझे ते काटईकडचे दूधवाले असेच १९७८ च्या श्रावणात सलग दोनदा पडले. दुसऱ्या वेळी दोन्ही किटल्या आडव्या. गॅरेजात आले ते चिखलानं आणि दुधानं माखलेले, आणि म्हणाले, "उस्ताद, हे पत्र्याचं काढून टाका नायतर गाडी विकतो."

उस्तादांनी मडगार्ड काढलं नाही. काढलं असतं तर चिखल तोंडावर. त्यांनी ते मधोमध कापलं, मागचा तुकडा फेकला, पुढचा नळीच्या दोन तुकड्यांवर वेल्ड करून चाकापासून वीतभर वर टांगला. गाडी चोच उघडलेल्या बगळ्यासारखी दिसायला लागली. नाक्यावरची पोरं हसली. आज ज्या गाडीला अशी चोच नाही तिला ऑफरोड म्हणत नाहीत.

त्याच दुपारी बाकीचं मी केलं. ऑइलच्या बॅरलचा पत्रा दुहेरी वाकवून इंजिनाखाली, कारण मागच्याच महिन्यात नदीच्या उतारात एका दगडानं केसिंग फोडलं होतं. सायलेन्सर मागून कापून कोपरा लावून वर वळवला, म्हणजे ओढ्यात गाडी बंद पडली तर पाणी उलटं इंजिनात जाऊ नये. हँडल दोन इंच वर. मागचं स्प्रॉकेट दोन दात मोठं. त्यानं पळ कमी होतो, ओढ वाढते. नाहीतरी किटल्या घेऊन कोण ऐंशीनं पळवणार? एअर फिल्टरवर जुना बनियन बांधला, उन्हाळ्यात वीटभट्ट्यांची धूळ असायची म्हणून. खूपच चिखल असेल त्या दिवशी मागच्या टायरला काथ्याची दोरी आरांमधून गुंडाळायची, ती दूधवाले स्वतःच गुंडाळायचे.

आणि रॅक. तो सगळ्यात महत्त्वाचा, आणि त्याचं माप मी स्वतः शिकलो. किटल्या जितक्या खाली तितकं बरं, पण फार खाली घेतल्या तर बांधावरून जाताना घासतात. जितक्या पुढं तितकं बरं, पण पाय मारायला जागा हवी. चालवणाऱ्याच्या टाचेमागं चार बोटं, जमिनीपासून गुडघ्याएवढं. शिवाय भरलेल्या किटलीपेक्षा अर्धी किटली वाईट. भरलेली गप्प बसते, अर्धी हिंदकळते आणि वळणावर गाडीला उलटा धक्का देते. म्हणून परतीच्या वाटेवर दूधवाले उरलेलं दूध एकाच किटलीत ओतत नसत, दोन्हीत सारखं ठेवत आणि तोंडात पेंढ्याची चुंबळ खुपसत. हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं.

तुम्ही म्हणाल, जपानमध्ये यामाहानं डीटी-१ काढली ती १९६८ ला, म्हणजे तुमच्या बगळ्याच्या दहा वर्षं आधी. बरोबर. आणि मी काही म्हणत नाही की आम्ही शोध लावला. आम्ही डीटी-१ पाहिलीच नव्हती, इथं आयातच बंद. एवढंच म्हणतो की मडगार्डमध्ये चिखल अडकला की जपानी माणसाचं आणि कल्याणच्या माणसाचं डोकं एकाच जागी जातं.

आमचा बगळा ज्या वर्षी झाला त्याच वर्षाच्या शेवटी, २६ डिसेंबर १९७८ ला, पॅरिसहून डाकारची पहिली शर्यत सुटली. थिएरी सॅबिन नावाचा फ्रेंच माणूस आदल्या वर्षी दुसऱ्या एका शर्यतीत सहारात वाट चुकला, मरता मरता वाचला, आणि घरी येऊन गप्प बसायचं सोडून त्यानं इतरांनाही तिथं न्यायचं ठरवलं. १८२ गाड्या निघाल्या, ७४ पोहोचल्या. जिंकला सिरिल नव्हू, यामाहा एक्सटी-५०० वर. ही गोष्ट मला कळली पंधरा वर्षांनी, एका गिऱ्हाइकानं परदेशी मासिक दाखवलं तेव्हा. फोटोत वाळूच्या डोंगरावर एक गाडी, पुढं चोच, खाली पत्रा, मागं पेट्रोलचे कॅन. मी उस्तादांकडं नेऊन दाखवला. त्यांची नजर अधू झालेली. मासिक डोळ्यांजवळ धरून त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "दूध कुठे आहे?"

वाळूचं म्हणाल तर तीही आमच्याकडं होती. फक्त आम्ही तिला रेती म्हणतो. ठाण्यापासून कल्याणपर्यंत खाडीच्या काठानं रेतीबंदरांची माळच होती: कोळशेत, पारसिक-मुंब्रा, डोंबिवलीचं मोठागाव, कल्याणचं दुर्गाडीखालचं. होडी खाडीत उभी करायची, लांब बांबू तळाला रोवायचा, तो धरून माणूस बादली घेऊन खाली जायचा आणि वरच्यानं बादली ओढायची. याला डुबी म्हणतात. दिवसभर बुड्या मारून त्या लोकांच्या कानांतून रक्त यायचं. त्या रेतीचे किनाऱ्यावर ढीग लागायचे, तिथून ट्रक. डोंबिवलीचे सगळे फ्लॅट त्या ढिगांतून उठलेत. खाडीची रेती खारट, ती नीट धुतली नाही तर सळई गंजते, आणि तीस वर्षांनी स्लॅब गळायला लागल्यावर सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडणं होतात. माझ्याही सोसायटीत झालीत, पण तो वेगळा विषय.

रेतीचे मुकादम राजदूतवर यायचे आणि मी त्यांच्या गाड्यांसाठी मोठागावला जायचो. असाच १९८० च्या एप्रिलमध्ये गेलो, एकोणीस वर्षांचा, आणि खाली गिऱ्हाइकाची येझदी. कार्बन काढून नुकतीच जोडलेली. ट्रायल घेऊन ये म्हणून उस्तादांनी दिली होती, ट्रायल म्हणजे शिवाजी चौकापर्यंत. मी मोठागावला नेली. ओहोटी होती. ओली रेती पाण्याच्या कडेला अशी घट्ट असते की डांबर झक मारतं. मी तिसऱ्यात टाकून गेलो, सायलेन्सरचा फटफट आवाज पाण्यावरून परत येत होता, आणि वाटलं आपण आता कोणीतरी झालो.

परत फिरताना मी वरून यायचं ठरवलं, भरतीच्या रेषेच्या वरून, कोरड्या रेतीतून. तिथंच चुकलं. कोरडी रेती पुढच्या चाकाला धरते आणि हळूच बाजूला सरकवते. अशा वेळी घाबरून थ्रॉटल सोडला की सगळं वजन पुढच्या चाकावर येतं आणि ते आणखी रुततं. मी थ्रॉटल तर सोडलाच, वर पुढचा ब्रेकही मारला. जावा-येझदीची जुनी चाकं सोळा इंची, लहान. लहान चाक खड्ड्यावर चढत नाही, त्यात उतरतं. मी गाडीसकट उतारावरून खाली, मऊ गाळात. इंजिन गाळाला टेकलं. सायलेन्सर दोन्ही आत. आणि भरती सुरू झालेली.

मी एकटा ओढून बघितली. ओढली की आणखी खाली. पाणी टाचेपर्यंत, मग नडगीपर्यंत. होडीवरून एक म्हातारा डुबीवाला बघत होता. त्यानं आधी तंबाखू मळून घेतली, मग चौघं घेऊन आला. त्यांनी गाडी ओढली नाही. आधी आडवी केली. आडवी गाडी होडीसारखी सरकते. तिच्याखाली एक फळी, हँडलला दोरी, आणि चौघांनी हैय्या करत ती कोरड्यावर नेली. म्हातारा म्हणाला, "रेतीत कंदी उभा रावाचा नाय रं पोरा. चालत रावाचा. उभा रायला का गेला." मी पैसे द्यायला गेलो तर खिशात अडीच रुपये. त्यानं घेतले नाहीत.

गॅरेजात गाडी ढकलत नेली. मोठागाव ते मुरबाड रोड. उस्ताद काही बोलले नाहीत, हेच वाईट. त्यांनी प्लग काढायला लावला, गाडी उलटी-पालटी करून इंजिनातलं पाणी बाहेर येईपर्यंत किका मारायला लावल्या. मी मोजल्या नाहीत, पोटरीला रात्री गोळे आले. मग गोड्या पाण्यानं पॉइंटपासून चेनपर्यंत सगळं धुतलं, रॉकेल, मग ऑइल. खारं पाणी एक रात्र राहिलं तरी तांबेरा धरतो. रात्री अकराला येझदी चालू झाली. तेव्हा उस्ताद बोलले, "हवा किती होती?" मी म्हटलं, नेहमीचीच. म्हणाले, "मग तू जाण्याआधीच बुडाला होतास."

त्या दिवसापासून मी रेतीत जायच्या आधी हवा सोडतो. अठ्ठावीसची अठरा केली की टायरचा तळवा लांब होतो, वजन पसरतं, चाक रुतायच्या ऐवजी वर तरंगतं. बूड सीटवर मागं, पाय फूटरेस्टवर, नजर लांब, हँडल सैल. गाडी डुलते, डुलू द्यायची. डांबरावर आलात की हवा परत भरायची, नाहीतर ट्यूब कापली जाते. याच्यापलीकडं वाळूत चालवण्याचं शास्त्र काही नाही, बाकी सगळं दम.

ती रेतीबंदरं आता पाहण्यासारखी राहिली नाहीत. डुबीच्या जागी सक्शन पंप आले, काठ खचले, माणसं कमी आणि ड्रेजर जास्त. २०१० च्या सप्टेंबरात उच्च न्यायालयानं राज्यातल्या रेती-उपशाला स्थगिती दिली, पुढं नियम आले, चोरून उपसा चालू राहिला, पंचनामे आणि होड्या जाळल्याच्या बातम्या येत राहिल्या. मोठागावातून आता माणकोलीकडं पूल गेलाय. पुलावरून जाताना मी खाली बघतो. माझी जागा साधारण तिसऱ्या खांबाजवळ असावी.

चिखल झाला, रेती झाली, उरला घाट. पण तो वाळूच्याही आधीचा. कल्याण हे सातवाहनांचं बंदर. माल नाणेघाटातून वर जुन्नरला, तिथून पैठणला. वर गुहेत राणी नागनिकेचा लेख आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचा, आणि जवळ दगडी रांजण, जकातीचा म्हणतात. वैशाखऱ्याकडून अजूनही पायीच चढावं लागतं. खाडीचं मीठ वर आणि घाटावरचं धान्य खाली, तांडेच्या तांडे बैल. बैलाच्या दोन बाजूंना दोन गोण्या. चाकं नव्हती एवढाच फरक, वजन लावायची पद्धत तीच. आम्ही मोटरसायकलवाले माळशेजनं चढतो. टोकावड्याला चहा, वर गेल्यावर दुसरा, आणि मग उघडं माळरान. १९९० नंतर गिऱ्हाइकांबरोबर मी तिकडं पुष्कळ फिरलो, कधी आळेफाटा करून थेट निघोजपर्यंत. कुकडी नदीचे रांजणखळगे बघायला. काळ्या कातळात नदीनं खोल घळ कोरलीय आणि तिच्या तळाला, कडांना गोल-गोल विहिरी. पाण्याच्या भोवऱ्यात दगड फिरत राहिले, वर्षानुवर्षं, आणि कातळ असा पोखरला जसा बोअर केलेला सिलिंडर. अमेरिकेत म्हणे असल्या लाल घळींमधून मोटरसायकली नेतात. निघोजला नेता येत नाही आणि नेऊही नये. पण भोवतालच्या माळावर दगड-धोंड्यांतून चालवताना हात जसा शिणतो तसा वाळूतही शिणत नाही. हीच कुकडी नाणेघाटाजवळ उगम पावते. म्हणजे आमच्या घाटाच्या माथ्यावरचं पाणी तिकडं जाऊन दगड पोखरतं.

कंपनीवाल्यांना या सगळ्याचा पत्ता लागायला २०११ उजाडलं. हिरोची इम्पल्स आली, दीडशे सीसी, होंडाच्या ब्राझीलमधल्या गाडीवरून. मला ती फार आवडली. लोकांना नाही. उंच, वर पळत नाही, आणि शेजारी विचारणार, एवढ्या पैशात हीच का? काही वर्षांत ती बंद. मग २०१६ ला हिमालयन, २०१९ ला एक्सपल्स, दोघींचं पुढचं चाक एकवीस इंची, पोटाखाली २२० मिलिमीटर जागा. तोवर डाकारलाही आपली माणसं पोहोचली होती. सी. एस. संतोषनं २०१५ ला ती शर्यत पुरी केली, पहिलाच भारतीय. हरित नोआ २०२४ ला आपल्या गटात जिंकला. आता गल्लीत चार-चार उंच गाड्या उभ्या असतात. सगळे काही जैसलमेरला जात नाहीत. २२० मिलिमीटरचा उपयोग सगळ्यात जास्त कल्याण-शिळ रस्त्यावर होतो. २०१८ च्या जुलैमध्ये कल्याणात खड्ड्यांनी माणसं गेली. तेव्हापासून कोणी उंच गाडी मागितली तर मी शौक म्हणून हसत नाही. आणि २०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्ग इकडं आमण्यापर्यंत पुरा झाला, आरशासारखा रस्ता, त्यावर दुचाकीला मनाई. म्हणजे चांगला रस्ता झाला तो आम्हाला सोडून.

जैसलमेर मीही पाहिलं. २०२० च्या जानेवारीत, पाच पोरं मोटरसायकलवर आणि मी मागं टेम्पोत हत्यारं घेऊन. सम गावाच्या टेकड्यांवर पोरं पहिल्या शंभर मीटरमध्ये पडली. रेती वेगळी होती. खाडीचा कण कोनेदार, एकमेकांत अडकतो, म्हणून तर सिमेंटला चालतो. वाळवंटातला वाऱ्यानं घासून गोल झालेला, पायाखालून धान्यासारखा निसटतो. मी सगळ्यांची हवा सोळावर आणली आणि एकाची एक्सपल्स मागून घेतली. अठ्ठावन्नाव्या वर्षी. टेकडीच्या पायथ्यापासून दुसऱ्यात, थांबायचं नाही, चढताना मनगट सोडायचं नाही. माथ्यावर पोहोचलो तर तिथं स्थानिक एक बुवा साध्या शंभर सीसीच्या गाडीवर, पायात चप्पल, मागं बायको, दोन्ही बाजूंना पाण्याचे कॅन. त्यानं मला बघून मान हलवली आणि उतरून निघून गेला. पोरांनी माझा व्हिडिओ काढला. त्याचा काढला नाही.

ते काटईचे दूधवाले २०१६ साली गेले. राजदूत बनणं २००५ लाच थांबलं होतं, पण त्यांची चालू होती, शेवटपर्यंत दोनदा बोअर केलेली. शेतं गेली, गोठा गेला, दूध पिशवीत आलं. परवा एक्सपल्सवाला पोरगा चहा संपवेपर्यंत त्यांचा मुलगा आला, पन्नाशीचा, टाटा पॉवरच्या बाजूला टॉवरमध्ये राहतो. त्यानं हिमालयन घेतलीय. स्पितीला जायचं आहे. हातात दोन ॲल्युमिनियमच्या पेट्या.

"काका, या दोन्ही बाजूंना बसवायच्यात. रॅक कंपनीचा मिळतो, पण हलतो म्हणतात. तुम्ही करून द्याल?"

"प्रत्येकीत वजन किती?"

"पंधरा किलो. फार तर वीस."

"तुझ्या बापाच्या चाळीस लिटरच्या असायच्या."

तो हसला. मी त्याला गाडीवर बसायला सांगितलं, पाय फूटरेस्टवर ठेवायला लावले आणि टाचेमागं चार बोटं लावून खडूनं खूण केली.